कूपरसाहेबांचा नांगर आणि बोर्डाचा आणा

(साताऱ्यातील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षबाई आणि सातारकर मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘सर धनजीशा कूपर : कारखानदार ते लोकल बोर्डाचे अध्यक्ष’. सुरुवातीलाच तुम्हाला एक प्रश्न विचारतो. मुंबई प्रांताचा पहिला मुख्यमंत्री कोण? बाळासाहेब खेर, असं तिसऱ्या रांगेतून उत्तर आलं. दहातले नऊ जण हेच सांगतील. पण प्रांतांना स्वतःचं मंत्रिमंडळ देणारा १९३५ चा कायदा १ एप्रिल १९३७ ला अमलात आला, त्या दिवशी प्रांताचं मंत्रिमंडळ बनवलं ते आपल्या साताऱ्याच्या धनजीशा बोमनजी कूपरांनी. त्या वेळी या पदाला प्रीमियर म्हणत. आता यशवंतराव चव्हाणांचं देवराष्ट्रे आठवा. आज ते सांगली जिल्ह्यात आहे, पण त्यांच्या जन्माच्या वेळी आपल्याच जिल्ह्यात होतं. म्हणजे प्रांताचा पहिला प्रीमियर साताऱ्याचा आणि १९६० साली महाराष्ट्राचा पहिला मुख्यमंत्रीही जुन्या साताऱ्याचाच. टाळ्या वाजवायला हरकत नाही, मंडळी, गाव आपलं आहे!

तर १९३७ साली काँग्रेसला १७५ पैकी ८६ जागा मिळाल्या होत्या. राज्यपालाने विशेषाधिकार वापरू नयेत, अशी हमी काँग्रेस मागत होती. ती मिळेना, म्हणून काँग्रेसने मंत्रिमंडळ नाकारलं आणि राज्यपाल लॉर्ड ब्रेबोर्नने कूपरांना बोलावलं. बहुमत पाठीशी नाही आणि बाहेर काँग्रेसचा हरताळ. साडेतीन महिन्यांनी, १९ जुलैला खेर आले. कूपरांचं नाव निघतं ते या साडेतीन महिन्यांपुरतं, आणि तेही सरकारधार्जिणा माणूस म्हणून. ते सरकारच्या बाजूचे होते, यात शंका नाही. ‘सर’ ही पदवी फुकट मिळत नसते. पण या माणसाला तोलायचं तर लोकल बोर्डाच्या, म्हणजे जिल्हा परिषदेआधी जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्या संस्थेच्या, वह्या उघडाव्या लागतील, असं माझं म्हणणं आहे आणि तेच सांगायला मी आलोय.

त्याआधी नांगर. नांगराशिवाय कूपर कळत नाहीत.

आमचं गाव कोरेगाव तालुक्यातलं. सातारा रोडचा कारखाना आमच्यापासून बैलगाडीने अर्ध्या दिवसाचा. त्या काळी रेल्वे साताऱ्यात आलीच नाही, ती पाडळीवरून गेली. स्टेशनाला नाव मात्र साताऱ्याचं मिळालं, सातारा रोड. तिथं १९२२ च्या सुमारास कूपरांनी कारखाना काढला. कोळसा, लोखंड रेल्वेने यायचं आणि नांगर रेल्वेने जायचे. त्याआधी लोखंडी नांगराची वाट किर्लोस्करांनी पाडली होती. ती पाडताना त्यांना काय सोसावं लागलं ते तुम्हाला ठाऊक आहे. लोखंडाने जमीन विषारी होते, असं शेतकरी म्हणत आणि नांगर पडून राहत.

आजोबा सांगायचे, आमच्या गावात कूपरचा नांगर आला तो चार घरांत मिळून. एकट्याला परवडायचा नाही, आणि परवडला तरी ओढणार कोण? लाकडी नांगर एका जोडीवर चालायचा. हा काळ्या रानात खोल घालायचा तर चार जोड्या लागायच्या. मग सावड. आज तुमच्या रानात, उद्या माझ्या. पहिल्या दिवशी बांधावर म्हातारी माणसं उकिडवी बसली होती. फाळ रानात गेला, पंखाने माती उलटी टाकली आणि तासातून कुंद्याच्या मुळ्या वर आल्या, हातभर लांब, पांढऱ्या. आजोबांचे चुलते उठले, त्यांनी एक मुळी उचलली, मोडून पाहिली आणि घरी घेऊन गेले. आजींना दाखवायला! वर्षानुवर्षं खुरपून न निघालेला कुंदा तो. आजोबा ही गोष्ट सांगताना दर वेळी ती मुळी मोडल्यासारखी बोटं करायचे.

तो नांगर अजून आमच्या गोठ्यात आहे. रुमणं दोनदा बदललं, फाळ किती बदलले त्याला गणती नाही. ओतीव अक्षरं झिजलीत. ‘कू’ डोळ्यांना दिसतो, बाकीची अक्षरं बोट फिरवलं की लागतात. मी लहानपणी अक्षरं पाटीवर गिरवली तशी त्या लोखंडावरही गिरवली आहेत. पुढे कारखान्याने डिझेल इंजिनंही काढली आणि १९४० साली तो वालचंदांच्या समूहाकडे गेला. पण आमच्या भागातल्या जुन्या माणसांच्या तोंडी ‘कूपर’च राहिलं.

आता भाऊराव. साताऱ्यात कूपरांवर बोलायचं आणि कर्मवीरांना वगळायचं, हे होणार नाही. किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडलेले भाऊराव पुढे कूपरांच्या कारखान्याच्या उभारणीत होते. नफ्यातून बहुजनांच्या पोरांच्या शिक्षणाला पैसा देण्याचा शब्द मिळाला होता, तो पाळला गेला नाही, म्हणून भाऊराव बाहेर पडले, असं त्यांच्या चरित्रांत सांगतात. रयत शिक्षण संस्था १९१९ सालीच कराडजवळच्या काले गावी निघाली होती. १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग सुरू झालं आणि १९२७ च्या फेब्रुवारीत गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. एका बाजूला कारखान्याचा धनी, दुसऱ्या बाजूला घरोघर मूठमूठ धान्य मागणारा माणूस. माझं मन कुठं आहे ते तुम्ही ओळखलंच असेल.

पण इथंच मला एक गोष्ट खटकत आली आहे. धनिकाचं दान त्याच्या मर्जीवर असतं. शब्द दिला, फिरवला, कोण विचारणार? कूपर लोकल बोर्डाचे अध्यक्ष झाले तेव्हा मात्र त्यांच्या हातात आला तो रयतेचा पैसा. शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा, लोकल फंड. माझ्या पणजोबांनी भरलेला. त्या पैशाचं काय झालं, हे विचारायला आपण कुणाच्या दारात हात पसरून उभे नाही. तो आपला हक्क आहे.

म्हणून मी त्या वह्या शोधायला गेलो. कार्यालयाचं नाव घेत नाही. सहा खेपा झाल्या. पहिल्या खेपेला म्हणाले, अर्ज द्या. दुसऱ्या खेपेला अर्ज सापडेना. तिसऱ्या खेपेला ज्यांच्याकडे किल्ली ते रजेवर. चौथ्यांदा एकाने सांगितलं, ‘काका, ते सगळं रद्दीत गेलं असणार.’ असणार! शंभर वर्षांचा जिल्ह्याचा कारभार, आणि कुणाला खात्रीने सांगता येईना की तो आहे की गेला. पाचव्या खेपेला कुणीच भेटलं नाही. सहाव्या खेपेला एका तरुण कारकून मुलीने स्वतः माळ्यावर चढून एक रुमाल खाली काढला. लाल कापड विटून विटकरी झालेलं, गाठ सुटेना. दातांनी सोडवली तिने. आतली पानं कसरीने चाळणी केलेली. एक पान वाचता आलं. कुठल्याशा शाळेत मुलांना प्यायच्या पाण्यासाठी रांजण घ्यायला मंजुरी. गावाचं नाव अर्धं, वर्षाचा आकडा कसरीने खाल्लेला. तो ठराव कूपरांच्या काळातला की नंतरचा, मला सांगता येत नाही. एक आकडा राहिला असता तर आज मी तुम्हाला सांगू शकलो असतो. मुलीने विचारलं, ‘फोटो काढू का?’ तिने काढला. मी पान परत ठेवलं आणि तिथंच बाकावर बसून राहिलो, मंडळी. मला रडू आलं.

अध्यक्षबाईंनी चिठ्ठी पाठवलीय, दहा मिनिटं राहिली. बरं. मुख्य मुद्दा भराभर सांगतो.

१८८२ साली लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव झाला, १८८४ ला कायदा आला आणि लोकल बोर्डं निघाली. पण खुर्चीवर कलेक्टर. १९२३ साली दोन कायदे झाले. एकाने बोर्डाचा कारभार लोकनियुक्त सभासदांकडे आणला, दुसऱ्याने प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांकडे सोपवल्या. दुसरा कायदा मला जास्त मोठा वाटतो. मास्तर कोण नेमणार, बदली कुठं होणार, शाळा कोणत्या गावाला मिळणार, हे आता जिल्ह्यात ठरणार होतं. सत्यशोधकांच्या या जिल्ह्यात त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. तोवर मास्तर म्हणजे ब्राह्मण, हे ठरलेलंच. ब्राह्मणेतर पक्षाने बोर्डाच्या निवडणुका लढवल्या त्या याच जागांसाठी, आणि त्या पक्षाचे पुढारी कूपर, एक पारशी कारखानदार! त्यांना मराठा, माळी, धनगर मतदारांनी आपलं मानलं, याचं उत्तर मला नांगरात दिसतं. ज्याचा माल रोज हातात धरायचा, त्याचं नाव परकं वाटत नाही.

आणि बोर्ड केवढं? तासगाव, वाळवा, खानापूरपर्यंत. १९४९ साली जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले, आणि दक्षिण सातारा १९६० ला सांगली झाला. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि बोर्डं संपली. दप्तरं इकडून तिकडे हलली, काही इथं राहिली, काही सांगलीला गेली असतील. त्यात सापडेल कुणाला रस्ता मिळाला, कुणाला नाही, कुठल्या वाडीला शाळा नाकारली. कूपर १९४७ च्या जुलैत गेले, स्वातंत्र्य तोंडावर आलं असताना. त्यांच्या बाजूने की विरुद्ध, निकाल त्या वह्यांतच आहे, आणि तो लागेपर्यंत मी त्यांना थोरही म्हणणार नाही, खोटंही म्हणणार नाही.

घंटा झाली. एवढंच सांगतो. बाहेर पुस्तकांच्या टेबलाशेजारी एक दोनशे पानी वही ठेवली आहे. तुमच्या घरी कुणी बोर्डाच्या शाळेत मास्तर असेल, त्यांचा नेमणुकीचा कागद, बदलीचा हुकूम, लोकल फंडाची पावती, काहीही असेल, तर नाव-गाव लिहून जा. कागद मागणार नाही, घरी येऊन फोटो काढून नेईन. ती कारकून मुलगी आज इथं आली आहे, मागच्या खांबाजवळ उभी आहे. सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर गावोगाव यायचं तिने कबूल केलंय.