झाड बारीक झालं का?

नमस्कार मंडळी, आज मी आमच्या दांडिया बाजारातल्या वाड्यातच उभा आहे, मागे रिक्षांचा गोंगाट येतोय तेवढा सांभाळून घ्या. हा कडुनिंब दिसतोय ना, याचा घेर मागच्या वर्षी मी मोजला होता, १५७ सेंटीमीटर. काल परत मोजला तर १५६! आता झाड काय डाएटवर गेलं? आई म्हणाली, आधी नीट टेलरकडे शिक मग झाडांच्या मागे लाग.

हसू नका, कारण असला घोळ खऱ्या जंगलातही होतो. पनामामध्ये बारो कोलोराडो नावाचं बेट आहे, म्हणजे आधी तो डोंगरच होता, पनामा कालव्यासाठी नदी अडवली, खालचं सगळं पाण्यात गेलं आणि माथा तेवढा बेट होऊन राहिला. तिथे स्टीफन हबेल आणि रॉबिन फॉस्टर या शास्त्रज्ञांनी १९८० मध्ये ५० हेक्टर जंगल आखून घेतलं, एक किलोमीटर लांब, अर्धा रुंद, आणि त्यात एक सेंटीमीटर जाडीपासूनचं, म्हणजे पेन्सिलीपेक्षा जरा जाड, प्रत्येक खोड मोजलं. दोन लाखांच्या वर खोडं, सुमारे ३०० जाती, प्रत्येकाला नंबराचा बिल्ला! १९८५ पासून दर पाच वर्षांनी परत तेच, कोण वाढलं, कोण नवीन आलं, कोण मेलं.

आणि मेलेल्यांचा हिशोबच जास्त बोलतो हं. १९८३ ला एल निनोमुळे तिथे जबरदस्त कोरडं पडलं आणि झाडं भराभर मेली. यादी आधीच हातात होती म्हणून नेमकं कोण गेलं ते कळलं, पाणी जास्त लागणाऱ्या जातींना त्याचा मोठा फटका बसला. नुसतं फिरायला गेलात तर सगळं हिरवंच दिसणार ना.

आपल्याकडे तमिळनाडूत मुदुमलईच्या जंगलात असाच ५० हेक्टरचा तुकडा आहे, १९८८ पासून, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले रमण सुकुमार वगैरे मंडळींनी केलेला. तिथे साग, धावडा, ऐन, बहावा, सगळी ओळखीची. पण तिथे हत्ती आणि वणवे! वारंग नावाचं झाड हत्तींनी इतकं मोडलं, खाल्लं की काही वर्षांतच त्याची संख्या धडाधड कोसळली.

आता माझ्या १५६ चं काय? तर घेर मोजतात जमिनीपासून १.३ मीटरवर, मग ३.१४ ने भागलं की जाडी, म्हणजे १५७ चं बरोबर ५०. पण खोड काही पाइप नाही, पट्टी चार बोटं वरखाली सरकली की आकडा बदलतो, शिवाय उन्हाळ्यात खोड खरंच थोडं आक्रसतं, साल गळते ती वेगळीच. आणि काही झाडांना बुडाशी भिंतीसारखे पंखे फुटतात, तिथे शिडी लावून पंख्यांच्या वर मोजावं लागतं, आणि पंखे वाढत वाढत वर आले की जागा परत बदला, मग कागदावर झाड एकदम बारीक! म्हणून ते लोक मोजायच्या जागी पेंटची रेघ मारतात.

मीही मारली होती बरं का, पिवळी. पण दिवाळीला वाड्याची रंगरंगोटी झाली आणि रंगाऱ्याने झाडालाही छातीपर्यंत गेरू-चुना फासला. हे बघा. शोधा आता माझी रेघ.