हवेचं वावडं असलेले जीव

नमस्कार श्रोतेहो!

२०२० च्या जून महिन्यात लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा बुलडाण्यापासून मुंबईपर्यंत नाना तर्क निघाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासलं. पाणी आटून खारटपणा वाढला होता आणि मिठात जगणारे सूक्ष्मजीव माजले होते, रंग त्यांचा. हे जीव आर्किया नावाच्या गटातले. दिसायला जिवाणूंसारखे, पण घराणं वेगळं. ते वेगळं आहे हे कार्ल वोज या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९७७ साली दाखवून दिलं.

आज बोलायचं ते अशाच जुन्या घराण्यांबद्दल. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं. ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागात सूक्ष्मजीवांनी रचलेले थर दगडात सापडतात, ते जवळपास ३४८ कोटी वर्षांपूर्वीचे. त्याआधी पहिली पेशी कशी जुळली? १९५३ साली स्टॅन्ली मिलर यांनी काचेच्या उपकरणात पाण्याची वाफ, मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन भरून विजेच्या ठिणग्या सोडल्या. काही दिवसांत अमिनो आम्लं तयार झाली. प्रथिनं यांचीच बनतात. पण दारात रेती पडली म्हणजे घर उभं राहत नाही, राजेहो. तिथून जिवंत पेशीपर्यंतचा सगळा रस्ता अजून कोणी प्रयोगशाळेत करून दाखवलेला नाही.

मला मात्र खरी गंमत वाटते ती पुढच्या उलथापालथीची. त्या काळी हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हताच, आणि कोणाचं त्यावाचून अडतही नव्हतं. मग निळ्या-हिरव्या शेवाळासारखे जिवाणू उन्हाच्या बळावर पाणी फोडायला शिकले आणि ऑक्सिजन बाहेर टाकू लागले. समुद्रात विरघळलेलं लोखंड त्याच्याशी संयोग पावून तळाशी बसत गेलं. गडचिरोलीतल्या सुरजागडच्या डोंगरात लोहखनिजाचे पट्ट्यापट्ट्यांचे दगड आहेत. जगभर असे पट्टेदार दगड बहुतांशी त्याच जुन्या समुद्रांत घडले. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी ऑक्सिजन हवेतही साचू लागला. तेव्हाच्या बहुतेक जिवांसाठी तो विषच होता.

काही मेले असतील, काही दडून बसले. कुठे? चिखलात, गाईच्या पोटात, धानाच्या बांधीतल्या पाण्याखाली. आपल्या गोबरगॅसच्या टाकीतही. मिथेन तयार करणारे जीव आर्कियाच आहेत, त्यांना हवा लागली की त्यांचं काम थांबतं. टाकी हवाबंद ठेवा असं सांगतात, त्याचं एक कारण हे.

आता वावरात चला. सोयाबीनचं एखादं झाड फुलोऱ्याच्या सुमारास मातीसकट अलगद उपटा. मुळांना बारीक गाठी दिसतील. एक गाठ नखानं चिरा. आत गुलाबी-लालसर निघालं, तर गाठ काम करते आहे. हवेतला नत्र पिकाला देणारं विकर, म्हणजे एन्झाइम, त्या काळातलं आहे, जेव्हा ऑक्सिजन नव्हता. आजही ऑक्सिजन लागला की ते नासतं. पण गाठीतल्या रायझोबियम जिवाणूला मात्र श्वासाला ऑक्सिजन हवाच! म्हणून झाड तिथे माणसाच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जातीचं, लोखंड असलेलं एक प्रथिन तयार करतं. ते ऑक्सिजन धरून ठेवतं आणि लागेल तेवढाच पोचवतं. लाली त्याचीच.

आत पांढरं किंवा हिरवट निघालं, तर गाठ एकतर कोवळी आहे नाहीतर निकामी. सगळ्याच झाडांची तीच गत असेल, तर पुढल्या हंगामात पेरणीआधी बियाण्याला रायझोबियम लावा. क्रम मात्र चुकवू नका. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सगळ्यात शेवटी जिवाणू. लावलेलं बियाणं सावलीतच सुकवायचं, उन्हात ते जिवाणू मरतात.