ताण्याचा रंग, बाण्याचा रंग

नाशिकच्या मेन रोडवरील दुकानात पैठणी मनात भरली, तरी ती लगेच बांधून घेतली जात नाही. ट्यूबलाइटच्या उजेडात रंग फसवतो हे जाणणारी आजी पदर हातावर घेऊन दारापर्यंत जाते, उन्हात तो दोन-तीनदा हलवते आणि मगच नातीला हाक मारते, "इकडे ये गं, आता बघ."

तिच्या हातातील वस्त्र नाशिक जिल्ह्यातील येवल्याच्या हातमागावर विणलेले आहे. अशा पैठणीच्या अंगात ताणा, म्हणजे उभा धागा, एका रंगाचा आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, दुसऱ्या रंगाचा असल्यामुळे वस्त्र हलेल तसा कधी हा, कधी तो रंग वर येतो. विणकर याला धूपछाँव म्हणतात. काठ मात्र कडियाल पद्धतीने, अंगाच्या धाग्यांत गुंतवून विणतात आणि त्यात ताणा व बाणा एकाच रंगाचे ठेवतात, म्हणून उजेड कुठूनही आला तरी काठ ढळत नाही. चंचल अंगाला असा ठाम काठ देणे, हा आमच्या मते या वस्त्रातील सर्वांत जाणता निर्णय आहे.

रंगांची नावेही ऐकण्यासारखी आहेत. अंजिरी, डाळिंबी, अबोली, गुलबक्षी, आमसुली, पोपटी. अंजिरी म्हटले की नुसती छटा नव्हे, तर पिकलेल्या फळाची मवाळ, दबलेली सालही डोळ्यांपुढे येते, आणि म्हणूनच "तिला अंजिरीच शोभेल" असे कोणी म्हणते तेव्हा ते त्या व्यक्तीच्या स्वभावाविषयीही काहीतरी सांगत असते.

अर्थ प्रसंगाप्रमाणे फिरतो. लग्नात वधूच्या अंगावर पिवळी अष्टपुत्री आणि हातात हिरवा चुडा असतो, काळा रंग तेथे टाळला जातो. आणि त्याच वधूच्या पहिल्या संक्रांतीला हलव्याच्या दागिन्यांखाली काळी चंद्रकळा कौतुकाने नेसवली जाते. पौषाच्या थंडीत काळे कापड ऊब धरते, हे त्यामागचे घरोघरी सांगितले जाणारे कारण.

याच जिल्ह्यात, सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील यंत्रांवर, रंगाला असे फिरण्याची मुभा नाही. आणीबाणीत यंत्र थांबवणारे बटण लाल आणि त्यामागची पार्श्वभूमी पिवळीच असावी लागते, कारण घाबरलेल्या हाताला तेथे निवड करायला वेळ नसतो.

येवल्यात मात्र निवडीला वेळ असतो. मागावर एकदा चढवलेल्या लांब ताण्यावर एकामागून एक साड्या विणल्या जातात. पहिली उतरली की विणकर धोट्यातील कांडी बदलतो, दुसऱ्या रंगाचा धागा आडवा टाकतो, आणि त्याच उभ्या धाग्यांतून वेगळ्याच रंगाची साडी बोटाबोटाने वाढू लागते.