पॅपी शॉ यांची शिकवणी

मंडळी, स्क्वेअर डान्स या अमेरिकेतल्या लोकनृत्यात चार जोड्या चौकोनाच्या चार बाजूंना उभ्या राहतात. माणसं आठ, आणि पुढची चाल कोणती हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नसतं. ते कॉलर सांगतो, म्हणजे नाचाचे हुकूम देणारा माणूस. आपल्या शाळांत लेझीम बसवतात तेव्हा हातांचा क्रम आधीच घोटून घेतलेला असतो. गुरुजींच्या शिट्टीवर फक्त हात बदलतो. इथे क्रमच नाचता नाचता ठरतो. आजच्या नाचात संगीताचे मिनिटाला साधारण १२० ते १२८ ठोके चालू असतात आणि नाचणारे आधीची चाल संपवत असतानाच पुढचा हुकूम यावा लागतो. जरा उशीर झाला की अख्खा चौकोन थबकतो. फार लवकर दिला तर पावलं घाईत पडतात.

आता 'अलेमांड लेफ्ट' हा हुकूम घ्या. पुरुष डावीकडच्या शेजारणीकडे वळतो, दोघं डावा हात धरून एक फेरी घेतात. बहुतेकदा लागलीच दुसरा हुकूम येतो, 'राइट अँड लेफ्ट ग्रँड'. आपल्या जोडीदारणीला उजवा हात, पुढचीला डावा, मग पुन्हा उजवा, पुन्हा डावा. पुरुष घड्याळाच्या उलट दिशेने, बायका घड्याळाच्या दिशेने. अर्धं वर्तुळ पार झालं की आपली जोडीदारीण अचूक समोर उभी! कॉलरने कितीही गुंतागुंत केली तरी शेवटी प्रत्येकाला त्याच्या जोडीदाराशी आणून सोडणं ही त्याचीच जबाबदारी. म्हणून कॉलर घरी टेबलावर आठ सोंगट्या मांडून तासन्‌तास त्या हलवत बसतात.

ही विद्या शिकवण्यात ज्यांनी आयुष्य घातलं, त्यांत मला लॉइड शॉ सर्वांत मोठे वाटतात. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज शहरातल्या शायेन माउंटन शाळेचे ते १९१६ ते १९५१ प्रमुख होते. लोक त्यांना प्रेमाने पॅपी म्हणत. शाळेत त्यांनी आधी युरोपातले लोकनृत्य शिकवले. पण आपल्याच डोंगराळ मुलखातले, गुराख्यांचे नाच म्हाताऱ्या कॉलरांबरोबरच संपतील, हे त्यांच्या लक्षात आलं. मग ते त्या म्हाताऱ्यांना गाठून हुकूम, यमकं, चाली उतरवून घेऊ लागले. १९३९ साली 'काउबॉय डान्सेस' हे त्यांचं पुस्तक आलं. त्यांच्या विद्यार्थ्यांचा नृत्यसंघ देशभर फिरला.

पण माझ्या मते पुस्तकापेक्षाही त्यांचं मोठं काम म्हणजे उन्हाळी वर्ग. देशाच्या कानाकोपऱ्यांतून शिक्षक आणि कॉलर कोलोरॅडोत येत, शिकून गावी परतत आणि तिथे आपले वर्ग सुरू करत. नाच करणारे पुष्कळ जण घडवतात. शॉ यांनी नाच शिकवणारे घडवले. १९५० साली कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिकाच्या रस्त्यावर सुमारे १५ हजार लोक एकाच वेळी स्क्वेअर डान्सला जमले. ध्वनिक्षेपक नसता तर हे शक्यच नव्हतं हे खरं, पण नुसत्या ध्वनिक्षेपकाने लोक नाचायला लागत नाहीत. कोणीतरी त्यांना हात धरून शिकवलेलं असावं लागतं.

पुढे हुकूम वाढत गेले, गावोगावी वेगळे झाले. १९७४ साली 'कॉलरलॅब' या कॉलरांच्या संघटनेचं पहिलं अधिवेशन भरलं आणि हुकमांच्या प्रमाण याद्या ठरवण्याचं काम तिने हाती घेतलं. त्यामुळे आज जपानचा नर्तक जर्मनीतल्या चौकोनात सहज उभा राहतो. हुकूम दोन्हीकडे इंग्रजीतच. याचा फायदा मी नाकारत नाही. पण याद्या लांबल्या तसे नवशिक्यांचे वर्गही महिनोन्‌महिने लांबले. ज्या नाचात शेजाऱ्याला ओढून आणता येत होतं, त्यात आता आधी अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. हे मला मनापासून खटकतं.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय विषय पुरा होत नाही. फ्रान्स-इंग्लंडहून आलेले हे नाच पूर्वी नृत्यशिक्षकाकडून पाठ करून घ्यावे लागत. व्हायोलिन वाजवता वाजवता मोठ्याने हुकूम देण्याची रीत अमेरिकेत रुजवली ती प्रामुख्याने कृष्णवर्णीय वादकांनी, आणि त्यांतले कितीतरी गुलामगिरीत होते. गुराख्यांचे हुकूम पुस्तकात आले. या वादकांपैकी बहुतेकांची नावंसुद्धा कुणी लिहून ठेवली नाहीत. पुढचं व्याख्यान मी त्यांच्यावरच देणार आहे.