पांढरं धोतर पांढरंच दिसू दे

नमस्कार मंडळी. आषाढ जवळ आला की मला एक प्रश्न हमखास येतो. वारीचे फोटो काढायला दिवे घाटात जायचंय, नवा कॅमेरा पण घेतलाय, पण फोटो कसे मळकट येतात, कॅमेऱ्यात बिघाड आहे का? बिघाड नसतो हो. कॅमेरा त्याला शिकवलंय तसंच काम करत असतो, आणि आज मला तेवढंच सांगायचंय की तो काय समजून चालतो आणि आपण त्याला कुठे थांबवायचं.

माझ्या पहिल्या वारीची गोष्ट सांगतो. सासवडच्या अलीकडे घाटात एका आजोबांचा फोटो काढला, डोक्यावर टोपी, खांद्यावर पताका, धोतर एकदम शुभ्र. पत्ता घेतला आणि नंतर प्रिंट पाठवली. त्यांच्या सुनेचा फोन आला, फोटो छान आहे म्हणाली, पण आमच्या बाबांचं धोतर एवढं मळकं नव्हतं हो, निघायच्या आदल्या दिवशी मीच धुऊन दिलेलं. मला फार वाईट वाटलं. प्रिंट परत बघितली तर खरंच, धोतर राखाडी आणि टोपीखालचा चेहरा तर पार काळवंडलेला.

आता हे का झालं ते घरबसल्या बघता येतं. एक पांढरा टॉवेल घ्या आणि एक काळी छत्री. दोन्हींचा वेगवेगळा फोटो काढा, इतक्या जवळून की फ्रेममध्ये दुसरं काही दिसायला नको, आणि मग स्क्रीनवर दोन्ही शेजारी शेजारी बघा. टॉवेल राखाडी झालेला असेल आणि छत्रीपण राखाडी. कारण कॅमेऱ्यातल्या मीटरला समोर टॉवेल आहे की छत्री हे साधारणपणे कळत नाही, त्याला फक्त उजेड कळतो, आणि समोरचं जे काही आहे ते सरासरी मध्यम राखाडी असणार असं धरून तो हिशेब करतो. पांढरं जास्त दिसलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, तो कमी करतो. काळं जास्त दिसलं की वाढवतो. आणि वारीत तर काय, जिकडे बघाल तिकडे पांढरंच पांढरं, वरून ढगाळ आभाळ तेही पांढरं.

उपाय एका बटणावर आहे, प्लस-मायनसची खूण असलेलं, त्याला एक्सपोजर कॉम्पेन्सेशन म्हणतात. पांढऱ्या कपड्यांची गर्दी असेल तर प्लस १ करा, म्हणजे एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड. बऱ्याच कॅमेऱ्यांत फुल ऑटोवर हे बटण चालत नाही, त्यामुळे आधी ॲपर्चर प्रायॉरिटीवर या, म्हणजे ॲपर्चर, लेन्समधलं उजेड आत येण्याचं भोक, तुम्ही ठरवायचं आणि शटर कॅमेरा ठरवणार, डायलवर ए किंवा एव्ही लिहिलेलं असतं. लोक म्हणतात मॅन्युअल शिकल्याशिवाय फोटोग्राफी येत नाही, मला हे अजिबात पटत नाही, आधी हे एक बटण हातात बसू दे.

पण हा जादा उजेड येतो कुठून? आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते सांगणारा आकडा, तुम्ही ठरवून ठेवला असेल तर शटर जास्त वेळ उघडं राहतं. आधी १/१२५ सेकंद होतं ते १/६० सेकंद होतं आणि चालणाऱ्या वारकऱ्यांचे पाय हलतात. म्हणून प्लस केलं की शटरचा आकडा बघायचाच, ही सवय लावून घ्या. आणि प्लस फार झालं तर उलटं होतं, धोतराच्या चुण्या जातात, कापडाचा पोत जातो, नुसता पांढरा ठिपका उरतो आणि तो नंतर कॉम्प्युटरवरही परत आणता येत नाही. मेन्यूत हायलाइटची सूचना चालू करून ठेवा, म्हणजे जिथे पांढरं जळालंय तिथे स्क्रीनवर उघडझाप होते. आभाळाचा तुकडा जळाला तर मी सोडून देतो, पण धोतर आणि कपाळावरचा बुक्का दोन्ही दिसलेच पाहिजेत, त्यासाठीच तर आपण गेलेलो असतो ना.

आता रिंगण. चांदोबाचा लिंब या ठिकाणी माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण होतं. स्वाराचा अश्व आणि मागून माउलींचा अश्व, ज्याच्यावर कुणी बसत नाही, डोळ्यांसमोरून असे जातात की बटण शोधायला वेळच नसतो, सगळं आधी ठरवून ठेवावं लागतं. समजा ढगाळ उजेड आहे, आयएसओ १००, ॲपर्चर एफ ५.६, शटर १/१२५. एवढ्यावर घोडा नुसता पुसल्यासारखा येणार. टापा थांबवायच्या तर १/१००० तरी हवं. १२५ वरून २५०, ५००, १०००, तीन पायऱ्या, दर पायरीला उजेड निम्मा. ती तूट भरायला आयएसओ तीन पायऱ्या वर घ्यायचा, २००, ४००, ८००. फोटोत थोडे दाणे येतील, येऊ देत, दाणेदार पण स्पष्ट घोडा संथ शटरच्या पुसट घोड्यापेक्षा कधीही बरा.

आणि फुगडी? तिथे उलट करून बघा. त्याच उजेडात शटर १/३० वर आणा, दोन पायऱ्या उजेड वाढला, म्हणून ॲपर्चर ५.६ वरून ८ आणि मग ११, आकडा वाढला की भोक लहान होतं, म्हणजे उजेड दोन पायऱ्या कमी. कोपर पोटाशी घट्ट धरायचं आणि श्वास रोखायचा. मागची माणसं स्थिर राहतात आणि दोघींच्या लुगड्यांचं एक गोल रंगीत चाक होतं, मधे फक्त एकमेकींना धरलेले हात ओळखू येतात. मला तर घोड्यापेक्षा हा फोटो जास्त आवडतो.

रात्री तळावर मात्र लक्षात ठेवा. राहुटीत एकच बल्ब, त्याच्या उजेडात कुणी भाकरी मोडतंय, बाकी सगळा अंधार. मीटर अंधार बघून उजेड वाढवणार आणि रात्रीची दुपार करणार, बल्बखालचा चेहरा जळणार. इथे मायनस १, कधी दीडसुद्धा. बऱ्याच कॅमेऱ्यांत हा आकडा कॅमेरा बंद केला तरी तसाच राहतो, त्यामुळे सकाळी घाटात लावलेला प्लस १ राहुटीत शिरायच्या आधी काढा आणि झोपताना परत शून्यावर आणून ठेवा, पहाटे दिंडी निघते तेव्हा ते बघायला कुणाला सवड नसते.