चकमक, टोपी आणि पुन्हा चकमक

(टेबलावर शेजारी-शेजारी दोन पिस्तुलं. कॅमेरा सावकाश जवळ जातो.)

दोन्ही फ्रेंच. दोन्ही घोडदळाची, एकाच नमुन्याची. डावीकडच्याचं पितळ नुकतं घासल्यासारखं पिवळंधमक, घोड्याच्या, म्हणजे बार उडवताना आपटणाऱ्या भागाच्या, जबड्यात चकमकीचा दगड. उजवीकडचं काळवंडलेलं, आणि दगडाच्या जागी हातोडीसारखा बोथट घोडा. जुन्या हत्यारांच्या बाजारात नवख्या माणसाचा हात आधी डावीकडे जातो. आपण उजवीकडून सुरुवात करू.

(नळीच्या मागच्या टोकावरची कोरलेली अक्षरं.)

नमुना 'आं त्रेझ', म्हणजे वर्ष तेरावं. क्रांतीने फ्रान्सला नवी कालगणना दिली होती, तिच्यातलं हे साल. आपल्या हिशेबाने 1804-05. नेपोलियनने 1 जानेवारी 1806 पासून ती कालगणना मोडीत काढली, पिस्तुलाचं नाव मात्र तसंच राहिलं. लांबी साधारण 35 सेंटिमीटर, वजन सव्वा किलोच्या आसपास. नळीचं तोंड 17.1 मिलिमीटर; करंगळी सहज आत जाते. घोड्यावर बसून दुसरा बार ठासायला सवड नसायची, म्हणून स्वाराच्या दृष्टीने हे एका गोळीचं हत्यार, पुढचं काम तलवारीचं. नेपोलियनच्या मोहिमांत या पिस्तुलांनी वॉटर्लूपर्यंत माणसं मारली.

(सेंत-एत्येन. जुन्या शस्त्रकारखान्याचं आवार.)

हे सेंत-एत्येन. फ्रान्सच्या मध्यभागाजवळचं, कोळशाच्या पट्ट्यातलं शहर. राजाचा शस्त्रकारखाना इथे 1764 साली आला, पण लोहार त्याच्या कितीतरी आधीपासून होते. ही समोरची इमारत नंतरची, 1864 साली बांधायला घेतलेली. आता तिच्या आवारात डिझाइनचं केंद्र आहे. 'आं त्रेझ'च्या काळात काम एका छपराखाली होत नसे. गल्लीबोळांत, घराघरांत चालायचं. नळीवाला वेगळा, चापाचा, म्हणजे बार उडवणाऱ्या यंत्रणेचा, कारागीर वेगळा, लाकूडवाला वेगळा. लोखंडाची पट्टी तापवायची, सळईभोवती गुंडाळायची, ठोकून ठोकून तिची कड जोडायची. मग आतून भोक सरळ करायचं. मग फ्यूराँ नदीच्या पाण्यावर फिरणाऱ्या दगडांवर बाहेरून घासायची. शेवटी नेहमीपेक्षा जास्त दारू ठासून बार काढायचा. नळी फुटली तर मेहनत भंगारात. टिकली तर ठसा.

(ठशांचे अगदी जवळचे चित्रण.)

हे ते ठसे. लंबवर्तुळात एक अक्षर, शेजारी दुसरं, पलीकडे साल. एकेका तपासनिसाची ही सही. किंमत ठरवणारा माणूस सगळ्यात आधी इथे भिंग लावतो. ठशाची कड धारदार आहे की बोटाला गुळगुळीत लागते? गुळगुळीत असेल तर कुणीतरी कानस फिरवली. हौसेने फिरवली असेल, गिऱ्हाइकाला भुलवायला फिरवली असेल. कारागिराची सही गेली ती गेलीच.

(उजवीकडच्या पिस्तुलाचा घोडा, मग कान.)

आता घोड्याची गोष्ट. मूळ पिस्तूल चकमकीचं. दगड पोलादी झडपेवर आपटायचा, ठिणगी रंजकावर, म्हणजे बाहेरच्या वाटीतल्या दारूवर, पडायची, आग नळीच्या कानातून, म्हणजे बाजूच्या बारीक भोकातून, आत जायची. पाऊस आला, रंजक भिजली, की हातात लोखंडाचा ठोकळा. 1840 च्या सुमारास सैन्यात टोपीचा, म्हणजे घोडा आपटला की पेटणाऱ्या दारूच्या इवल्या धातूच्या टोपीचा, जमाना आला आणि जुनी पिस्तुलं बदलून घेतली गेली. झडप काढली, रंजकाची वाटी काढली, कानाजवळ टोपी चढवायला पोकळ खुंटी बसवली, नवा घोडा लावला. उजवीकडचं पिस्तूल असं बदललेलं आहे, आणि ते लपवत नाही.

डावीकडचं लपवतं. त्यालाही टोपी बसवली होती. पुढे कधीतरी कुणा व्यापाऱ्याने हिशेब केला: चकमकीला भाव जास्त. म्हणून खुंटी काढली, भोक बुजवलं, नवी वाटी, नवी झडप, ओतीव घोडा. बघा, इथे. चापाच्या पट्टीवर बुजवलेल्या स्क्रूच्या भोकाचा गोल डाग, धातूचा रंग किंचित वेगळा. आणि कान पाहा, किती स्वच्छ! शेकडो वेळा आग ओकलेल्या कानाभोवती लोखंड खाल्लेलं असतं.

(कपाटातलं तिसरं पिस्तूल. पितळी अंग, लाकूड फक्त मुठीला.)

हे 1777 च्या नमुन्याचं. त्याच वर्षी सँ ल्यूबँ नावाचा फ्रेंच वकील पुण्यात नाना फडणवीसांना फ्रेंच फौजेची आणि शस्त्रांची आश्वासनं देत होता. फौज काही आली नाही.

(फ्रान्समधलं फाँतेनब्लो. लिलावघर.)

मोठ्या रकमा मात्र ठशांना मिळत नाहीत, मालकाच्या नावाला मिळतात. 7 जुलै 2024 रोजी इथे नेपोलियनच्या पिस्तुलांची जोडी 16 लाख 90 हजार युरोंना गेली. 1814 साली सत्ता सोडताना त्याने त्यांनीच जीव द्यायचं ठरवलं होतं. विश्वासू सहकारी कोलँकूरने आधीच दारू काढून ठेवली, असं सांगतात. नंतर नेपोलियनने ती कोलँकूरलाच दिली. लिलावाच्या तोंडावर सरकारने जोडी राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर केली, त्यामुळे ती कायमची देशाबाहेर नेण्यावर बंदी आली. सोन्या-चांदीच्या नक्षीची ही पिस्तुलं घडवली पॅरिसच्या गॉसे या कारागिराने. मथळ्यांत त्याला जागा नव्हती.

1 जानेवारी 1900 च्या आधीच्या नमुन्याचं हत्यार फ्रान्समध्ये सज्ञान माणसाला, थोडे अपवाद वगळता, परवान्याशिवाय ठेवता येतं. भारतात 1959 चा शस्त्र कायदा पाहावा लागतो.

(पुन्हा टेबल. स्क्रू सुटतात, चापाची पट्टी उलटी होते.)

उजवीकडच्या पिस्तुलाची पट्टी सोडवली. आतल्या बाजूला बाहेर न दिसणारा छोटा ठसा: ज्याने हा चाप बनवला त्याची खूण. स्क्रूंच्या खाचा शाबूत, म्हणजे आडदांड हात फारसा लागलेला नाही. घोडा अर्ध्यावर ओढला की तिथेच थांबतो, निसटत नाही. तेलाचा एक थेंब, जुनं सुती फडकं, बस. पॉलिश पेपर नाही, लिंबू-चिंच नाही.

घासाघीस सुरू होते. डावीकडच्या पिस्तुलाचा विषय संग्राहकाने काढलाही नाही. विक्रेता काळवंडलेल्याचा भाव खाली आणायला तयार नाही, पण एक सवलत देतो: घेणार असाल तर घासून लख्ख करून देतो, वेगळे पैसे नकोत. संग्राहक पिस्तूल दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढतो आणि मागितलेली किंमत मोजायला लागतो.