दहाच्या आत भैरवी

नमस्कार श्रोतेहो. कोजागिरी जवळ आली, की सोसायट्यांत गाण्याचे बेत ठरू लागतात. दूध आटवायचं कसं, ते तुम्हाला सांगायला नको. स्पीकरबद्दल मात्र आज बोलायचंय.

कोथरूडच्या आमच्या सोसायटीतर्फे आम्ही दोघं अर्ज घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. साहेबांनी विचारलं, "जवळपास दवाखाना?" आम्ही छातीठोकपणे सांगितलं, "नाही!" ते म्हणाले, "आणि मागच्या गल्लीतलं प्रसूतिगृह?" अहो, आमच्या सोसायटीतली निम्मी मुलं तिथेच जन्मली! परत येऊन गवंड्याचा टेप मागून घेतला, भिंतीपासून स्टेजपर्यंत धरला. जेमतेम साठ मीटर. तिथे त्या रात्री कुणी नुकतीच बाळंत झालेली असेल, हे आमच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. स्टेज हलवून पार टोकाच्या पार्किंगमध्ये नेलं, स्पीकरची तोंडं आपल्याच इमारतींकडे वळवली. दहाला पाच कमी असताना तबला गवसणीत गेला, पेटीचा भाता मिटला. गाणाऱ्या मावशींची भैरवी राहिली होती. त्यांनी ती नुसत्या गळ्यावर, हलक्या आवाजात म्हटली. सगळे सतरंज्या ओढत त्यांच्या पायाशी जाऊन बसले. इतकी जवळून भैरवी मी आजवर ऐकली नव्हती.

तर नियम २००० सालचे, देशभराचे. उघड्यावर लाउडस्पीकर लावायचा, तर लेखी परवानगी हवी. रात्री दहा ते सकाळी सहा बंद. पुन्हा सांगतो, दहा ते सहा बंद, आणि नुसता स्पीकर नाही, वाद्यंसुद्धा. सणासमारंभांसाठी सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. आपला दिवस त्यांत आहे का, ते आधी विचारा. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. दवाखाने, शाळा, न्यायालयं यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असू शकतं, तिथे दिवसाही ५०च.

सवाई गंधर्व महोत्सव रमणबागेत रात्र रात्र चालायचा, तेही दहाच्या नियमानं आखडलं. मला त्याची हळहळ वाटते. दरबारी, मालकंस हे मध्यरात्रीचे राग, ते संध्याकाळी सातला उरकू नयेत. बंदिस्त सभागृहाला दहाची अट नाही, हौशी मंडळांनी तिथे रात्रीच्या बैठकी जरूर कराव्यात.

अर्ज मात्र आदल्या दिवशी नेऊ नका, निदान आठवडाभर आधी द्या. आणि जाण्यापूर्वी टेप घेऊन एकदा मागच्या गल्लीत जाऊन या. नमस्कार.